दिसेल, पण ऐकू येणार नाही

तुरुंगात पापनिवेदन ऐकायला बसायचं असलं की मी आधी खुर्ची कुठे ठेवायची ते बघतो. मिस्साचं, म्हणजे आमच्या उपासनेचं, साहित्य आणि प्रार्थनेची पुस्तकं गेटवर झडती होऊन आत येतात आणि त्यांची मांडामांड सोबतच्या सिस्टर करतात. खुर्ची मात्र मी स्वतः उचलतो. शिपाई दारात उभा असतो आणि त्याने असायलाच हवं, कारण कैदी त्याच्या जबाबदारीवर बराकीबाहेर आलेला असतो. त्याला मी एवढंच म्हणतो, "दादा, आम्ही दोघं तुम्हाला दिसू, पण ऐकू येणार नाही, इतकं लांब उभं राहा." बहुतेक जण राहतात. एखादा नवीन भरती झालेला पोरगा ऐकत नाही. त्याला वरून तसा हुकूम असतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, मी जेलरसाहेबांकडे जातो. भिंतीवर कॅमेरा असेल तर कैद्याची पाठ कॅमेऱ्याकडे येईल अशी बैठक करतो. पंखा असेल तर पंख्याखाली बसतो, कारण जुन्या पंख्याच्या घरघरीत दबक्या आवाजातलं बोलणं विरून जातं. आणि शिपायापेक्षाही जास्त लक्ष ठेवावं लागतं ते आत मुरलेल्या कैद्यांवर. सतरंज्या झटकायच्या, पाणी आणून द्यायच्या निमित्ताने एखादा घुटमळत राहतो. शिपायाला आमच्या बोलण्यात फारसा रस नसतो. घुटमळणाऱ्याला असतो, कारण बराकीत दुसऱ्याच्या गुपिताला भाव आहे. बिडीच्या बंडलापासून कोर्टातल्या साक्षीपर्यंत त्याच्या बदल्यात काहीही मिळू शकतं.

मी वसईकडचा कॅथलिक धर्मगुरू. पॅरिशचं, म्हणजे माझ्या धर्मग्रामाचं, काम सांभाळून तुरुंगसेवा करतो. प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही चर्चची संघटना देशभर हे काम करते. ऑश्विट्झच्या छळछावणीत १९४१ साली दुसऱ्या कैद्याच्या बदली मरण पत्करणारे फादर मॅक्सिमिलियन कोल्बे हे तिचे आश्रयदाते संत. इंग्लंडात १९५२च्या तुरुंग कायद्यानुसार प्रत्येक तुरुंगात अधीक्षकाप्रमाणे धर्मगुरूही नेमावाच लागतो. आपल्याकडे तसं नाही. आम्ही परवानगीपत्रावर आत जाणारी माणसं. परवानगी कधीही थांबू शकते, आणि कधी कधी थांबतेही. पण मला यात एक मोठा फायदा दिसतो. मी तुरुंगाचा नोकर नसल्यामुळे कुणाबद्दल अहवाल लिहायचं काम माझ्याकडे नाही. कैद्याच्या वागणुकीवर माझी सही लागत नाही. संचित रजा, अभिवचन रजा यांच्या फायलीत माझं मत कुणी मागत नाही. चर्चच्या कायद्यातही हाच विचार आहे: ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने निवेदनात कळलेल्या गोष्टीचा कारभारात कधीही उपयोग करायचा नाही. माझ्या हातात अधिकार नसणं म्हणूनच कैद्याच्या सोयीचं आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, तुरुंगात सगळे शिक्षा भोगणारे असतात, गुन्हा सिद्ध झालेला असतो, मग लपवायचं राहिलंच काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही. माझ्यासमोर स्टुलावर बसणारा माणूस बहुधा असाच तारखा मोजणारा असतो. तो जे बोलेल त्यावर त्याची पुढची चौदा वर्षं अवलंबून असू शकतात. पोलिसांनी त्याचं ऐकलेलं असतं ते लिहून घेण्यासाठी. वकिलाने ऐकलेलं असतं, पण बचावाला उपयोगी पडेल तेवढंच; पुष्कळ वकील तर "खरं काय ते मला सांगूच नका" असं म्हणतात आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरही आहे. घरच्यांशी तो काचेआडून फोनच्या रिसीव्हरवर बोलतो, शेजारच्या खिडकीत दुसऱ्या कुटुंबाचा आरडाओरडा चालू असताना. बराकीत तर झोपेत बडबडायचीही त्याला भीती वाटते. एवढ्या गर्दीत राहून हा माणूस वर्षानुवर्षं स्वतःशी एकटा असतो.

त्याला मी जे देऊ शकतो ते चर्चने आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने निवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर मौनाचं बंधन घातलं. आजच्या चर्च कायद्यात ते कलम ९८३मध्ये आहे: शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही प्रकारे निवेदकाचा विश्वासघात करायचा नाही. जो धर्मगुरू थेट मौन मोडेल तो त्या क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार फक्त रोमला आहे. २०२१मध्ये चर्चच्या दंडसंहितेची फेरमांडणी झाली, कलमांचे क्रमांक बदलले, ही शिक्षा तशीच राहिली. प्रागच्या पुलावरून १३९३ साली नदीत बुडवून मारलेले संत जॉन नेपोमुक यांच्याबद्दल परंपरा सांगते की राणीचं निवेदन राजाला सांगायला त्यांनी नकार दिला होता. इतिहासकार कारणं वेगळी देतात, पण युरोपभर पुलांवर त्यांचे पुतळे उभे आहेत ते त्या नकारासाठी.

सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, आम्हाला कोडी घालायचे. एखाद्याने निवेदनात सांगितलं की मिस्साच्या द्राक्षरसात विष कालवलं आहे, तर काय कराल? वर्गात त्यावर तासभर वाद रंगायचा. तुरुंगात असलं काही घडत नाही. तिथे प्रसंग बारीक असतात आणि रोजचे असतात. समजा एखाद्याने निवेदनात सांगितलं की त्याच्याजवळ ब्लेड आहे. पुढच्या रविवारी मी खुर्ची चार हात मागे सरकवली, तर तीही खूण झाली. समजा मी त्याला भेटल्यावर नेहमीसारखा हात हातात घेतला नाही, तर तीही. हे शिकायला वेळ लागतो. तोंड बंद ठेवणं सोपं असतं. चेहरा, हात, चालण्याची लय हे सगळं कालच्यासारखंच राखणं कठीण.

आणखी एक नियम कैद्यांना चमत्कारिक वाटतो. निवेदन संपल्यावर त्याच माणसाशीसुद्धा मी त्यातल्या गोष्टीबद्दल आपणहून बोलू शकत नाही. एकदा एक तरुण माझ्यावर रागावला होता. आधीच्या खेपेला निवेदन करून गेला होता. या वेळी मी त्याला आईची तब्येत विचारली, कोर्टाची तारीख विचारली, आणि बाकी काहीच नाही. मिस्सा झाल्यावर तो जवळ आला.

"फादर, तुम्ही विसरलात ना?"

"काय?"

"त्या दिवशी मी जे सांगितलं ते."

"तू आज पुन्हा सांगितलंस तर आज बोलू. तू सांगितल्याशिवाय मी त्या विषयाला हात लावू शकत नाही."

"म्हणजे तुमच्या लक्षात आहे."

"त्याचंही उत्तर मी देणार नाही."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसला. पोलीस कोठडीत, कोर्टात, बराकीत त्याचं तेच ते प्रकरण प्रत्येक जण उकरून काढत आला होता. ज्याला पूर्वपरवानगीशिवाय ते काढता येत नाही असा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता. (हा संवाद मी त्याला विचारून इथे लिहिला आहे. पण त्या निवेदनातलं किंवा कुणाच्याही निवेदनातलं एक अक्षरही या लेखात नाही. नाव-गाव बदलूनसुद्धा नाही.)

अधिकाऱ्यांशी संबंध हा वेगळा विषय आहे. मला भेटलेले बहुतेक अधिकारी सज्जन आहेत आणि त्यांच्या डोक्यावरचा ताण मला दिसतो. क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंबलेली, कर्मचारी कमी, रात्री काही घडलं तर जाब यांनाच. अशा एका साहेबांनी चहा पाजताना सहज विचारलं, "फादर, तीन नंबरमध्ये काहीतरी शिजतंय असं कानावर आलंय. तुमच्याकडे येतात ना तिकडची पोरं? काही बोलली का?" मी म्हटलं, "साहेब, माझ्याशी कोण काय बोललं यावर मी काहीच सांगत नाही." ते म्हणाले, "नाव नको, नुसतं हो की नाही सांगा." मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

खरं तर असं विचारलं जातं तेव्हा बहुतेक वेळा मी काहीही ऐकलेलं नसतं, आणि "नाही हो, काहीच नाही" म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. तोच टाळायचा. काही ऐकलेलं नसताना मी "नाही" म्हणत गेलो, तर ज्या दिवशी मी उत्तर द्यायचं नाकारीन त्या दिवशी नकारातूनच साहेबांना उत्तर मिळेल. म्हणून रिकाम्या हातांनीही तेच वाक्य, भरलेल्या हातांनीही तेच. नव्याने या सेवेत येणाऱ्या धर्मगुरूंना मी कलम ९८३च्या आधी हे शिकवतो.

आता देशाच्या कायद्याकडे येतो, कारण इथे बहुतेकांचा, अगदी आमच्यातल्या पुष्कळ धर्मगुरूंचाही, मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटतं, धर्मगुरूला सांगितलेली गोष्ट कोर्ट विचारू शकत नाही. आपल्या देशात तसं संरक्षण कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. १८७२च्या पुरावा कायद्याने नवरा-बायकोमधल्या बोलण्याला संरक्षण दिलं, वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला दिलं. धर्मगुरूचा त्यात उल्लेख नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. उलट जुन्या कायद्याच्या कलम २९मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की एरवी ग्राह्य असलेला कबुलीजबाब केवळ गुप्ततेचं वचन देऊन मिळवला म्हणून अग्राह्य ठरत नाही. ती तरतूद नव्या कायद्याच्या कलम २२मध्ये आली आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली सहसा आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पण माझ्यासारख्या तिऱ्हाइतापुढे कुणी काही कबूल केलं, तर कोर्ट ते विचारात घेऊ शकतं. न्यायालयं अशा पुराव्याला कमजोर मानतात, तरी दार उघडं आहे. म्हणजे कैद्याच्या दृष्टीने बघाल तर पोलिसापुढे बोलण्यापेक्षा माझ्यापुढे बोलणं कायद्याने जास्त धोक्याचं आहे. हे कळल्यावर मला कित्येक रात्री झोप लागली नव्हती.

अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल लवकर लागला. १८१३मध्ये न्यूयॉर्कच्या फादर अँथनी कोलमन या जेझुइटांनी चोरीचा माल मूळ मालकाला परत मिळवून दिला. माल कुणी दिला ते सांगा, असं कोर्टाने विचारलं. त्यांनी नकार दिला आणि कोर्टाने तो मान्य केला. त्या काळच्या अमेरिकेत कॅथलिक थोडे होते आणि त्यांच्याबद्दल संशय होता, तरीही. मला त्या खटल्यात जास्त मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट: निवेदनाच्या आडोशामुळेच तो माल परत आला होता. पण तिथेही सगळं सुखाचं नाही. १९९६मध्ये ऑरेगन राज्यातल्या एका तुरुंगात कैदी फादर टिमोथी मोकायटिस यांच्यापुढे निवेदन करत असताना अधिकाऱ्यांनी ते गुपचूप ध्वनिमुद्रित केलं. कैद्यालाही ठाऊक नव्हतं, फादरनाही नाही. चर्च कोर्टात गेलं, आणि पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरवली. हा खटला वाचल्यापासून मी बैठकीची जागा स्वतः निवडतो. कुणी हौसेने टेबलावर फुलदाणी ठेवली तरी मी ती खाली ठेवतो.

आपल्याकडे १८९४च्या तुरुंग कायद्यातलं कलम ४० कच्च्या कैद्याला त्याच्या वकिलाला तिसऱ्याच्या गैरहजेरीत भेटू देतं. ब्रिटिशांनी केलेला कायदा, पण हे कलम शहाणपणाचं. धर्मगुरू, मौलवी, भिक्खू, कीर्तनकार, समुपदेशक यांच्यासाठी तसं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८च्या सुनील बात्रा खटल्यात म्हटलं की तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. धर्मपालनाचा हक्कही त्यातलाच. वकिलांच्या भेटीची खोली रविवारी रिकामी असते. ती आम्हाला दोन तास मिळावी म्हणून मी अर्ज दिला आहे, आणि तुरुंगात येणाऱ्या मौलवीसाहेबांनीही शुक्रवारसाठी द्यावा म्हणून त्यांच्या मागे लागलो आहे.

महाराष्ट्रातल्या तुरुंगांना रविवारच्या धर्मप्रवचनांची परंपरा आहे. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. ते उतरवलं गेलं म्हणून आज घराघरात आहे. माझ्या रविवारचं बोलणं मात्र कुणीही उतरवू नये असं आहे, आणि दोन्हींची तुरुंगाला गरज आहे असं मला वाटतं.

आतापर्यंत मी कॅथलिक कैद्यांबद्दल लिहिलं. पण तुरुंगात माझ्याशी बोलायला येणाऱ्यांत कॅथलिक थोडेच. जास्त करून येतात ते मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बंगालमधून मुंबईकडे आलेले हिंदू आणि मुसलमान तरुण, ज्यांना मुलाकातीला कुणी येत नाही. "फादर, दो मिनिट बात करनी है," असं म्हणतात आणि बसतात. बीडकडच्या एका प्रौढ गृहस्थांनी संकोचाने विचारलं, "मी तुमच्या धर्माचा नाही, माळकरी आहे. माझं चालेल का?" चालेल म्हणजे काय! पण खरा प्रश्न पुढे येतो. त्यांच्यासाठी पापनिवेदनाचा संस्कार नाही, म्हणजे ते आठशे वर्षांचं अभेद्य मौनही त्या रूपात नाही. मग त्यांना मी काय देणं लागतो?

चर्चची धर्मशिकवण इथे फरक करते. संस्काराचं मौन कुठल्याच कारणाने मोडत नाही. विश्वासाने सांगितलेली बाकीची गुपितं, डॉक्टरची, वकिलाची, मार्गदर्शकाची, पाळायलाच हवीत. मात्र ती पाळल्याने कुणाचं फार मोठं नुकसान होणार असेल आणि ते टाळायचा दुसरा मार्ग नसेल, तर अपवाद होऊ शकतो. हे समोरच्याला आधी सांगितल्याशिवाय त्याचं ऐकायला बसणं मला फसवणूक वाटते. म्हणून बोलायला सुरुवात करण्याआधी मी हाताने थांबवतो आणि सांगतो. तुम्ही स्वतःच्या जिवाचं काही करणार असाल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा एखाद्या लहान मुलाला कुणी त्रास देत असेल, तर ते मी पोटात ठेवणार नाही. बाकीचं माझ्याकडून कुणाला कळणार नाही. आणि तुमचा खटला चालू असेल तर त्या दिवशी नेमकं काय झालं ते मला सांगू नका; आता तुम्हाला काय होतंय ते सांगा.

हे ऐकून काही उठून जातात. त्यांचा मला आदर वाटतो. जे बसतात ते समजून बसलेले असतात. आणि गंमत नव्हे, खरोखर सांगतो, घटना वगळून बोलायला सांगितलं की माणूस जास्त बोलतो. धाकट्या बहिणीचं लग्न मोडलं त्याबद्दल. रात्री बराक बंद झाल्यावर छातीवर येणाऱ्या दडपणाबद्दल. ज्याला मारलं म्हणून आपण आत आहोत त्याच्या मुलाच्या शाळेची फी कोण भरत असेल, या विचाराबद्दल.

त्या माळकरी गृहस्थांशी पुढे पुष्कळ बोलणं झालं. एकदा ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या तारखेला मी नसेन, फादर." मी विचारलं, "नसाल म्हणजे?" त्यांनी सरळ सांगितलं. दोरीची सोय झाली होती. मी म्हटलं, "काका, पहिल्या दिवशी मी काय म्हटलं होतं आठवतं? हे मी पोटात ठेवू शकत नाही. पण तुमच्या पाठीमागेही सांगणार नाही. आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ, तुम्ही सांगा, मी शेजारी बसतो." ते चिडले. "म्हणजे तुम्हीपण यांच्यातलेच," म्हणाले. मी उठलो नाही. शिपाई वेळ संपली म्हणून दोनदा खुणावून गेला, त्याला मी हात जोडले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दोरीचं नका सांगू, ज्याने दिली तो अडकेल. बाकी सांगतो." मी म्हटलं, "दोरी तुम्ही माझ्यासमोर शिपायाच्या हातात द्या. कुणी दिली ते मी विचारत नाही, आणि विचारलं तर सांगणार नाही." तसंच झालं. तुरुंगाच्या दवाखान्यात आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि ते डॉक्टरांशी स्वतः बोलले. पुढे ते जामिनावर सुटले. त्यांच्या संमतीने, आणि त्यांनी स्वतः वाचून पाहिल्यावर, हे इथे लिहिलं आहे.

गुप्ततेचं नाव घेऊन चुकीच्या गोष्टीही मागितल्या जातात. चिठ्ठी बाहेर नेऊन द्या, फक्त एक फोन करा, अमक्याला म्हणा मी ठीक आहे. "मी ठीक आहे" एवढाच निरोप एखाद्या साक्षीदारासाठी धमकी असू शकतो. त्याचा अर्थ मला कळणार नाही, त्याला कळेल. म्हणून मी निरोप नेत नाही, कितीही निरागस वाटला तरी. आईला भेटायला जाईन, तिची चौकशी करीन, परत येऊन तिची खुशाली सांगीन. पण शब्द इकडून तिकडे नेणार नाही. मला सांगितलेलं माझ्यापाशी थांबतं, एवढंच मी कबूल केलेलं असतं.

तुरुंगाच्या आतल्यापेक्षा मला अवघड जातं ते बाहेर. आमच्या भागात गावं लहान, पॅरिश जवळजवळ. आरोपी आणि ज्याचं नुकसान झालं तो, दोघांची घरं एका आळीत असू शकतात. मिस्सा सुटल्यावर एक बाई वाट बघत थांबल्या. मुलगा खुनाच्या आरोपाखाली आत. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "फादर, तुम्ही त्याला भेटता. एवढंच सांगा, त्याने केलं का हो? मी कुणाला सांगणार नाही. त्याने केलं असेल तर मी प्रार्थना वेगळी करीन."

मी त्यांच्यासोबत मागच्या बाकावर बसलो. म्हटलं, "मावशी, तो माझ्याशी काही बोलला की नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही." त्या म्हणाल्या, "मी आई आहे." मी म्हटलं, "हो. आणि म्हणूनच त्याने उद्या माझ्यावर विश्वास ठेवावा असं तुम्हाला वाटायला हवं." हे बोलताना मला स्वतःला ते कोरडं वाटलं. त्या रडल्या. काही रविवारांनी त्यांनीच पुढच्या मुलाकातीचे कागद भरून द्यायला सांगितले, तेव्हा मला बरं वाटलं. आळीतच दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, ज्यांचा मुलगा गेला त्या आई मला कधीच काही विचारत नाहीत. त्या माझ्याकडे फक्त बघतात. त्यांना वाटत असेल, मी खुन्याचा धर्मगुरू झालो आहे. त्यांच्या घरी मी नियमित जातो, त्यांच्या मुलाच्या पुण्यतिथीची मिस्सा मीच करतो, आणि माझ्या मौनाचा भार त्यांच्यावरही पडतो हे मी जाणतो. त्यांना सत्य कळण्याचा हक्क आहे. ते सत्य शोधण्याचं काम कोर्टाचं आहे आणि कोर्टाने ते लवकर करावं. वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या की दोन्ही आयांची नजर धर्मगुरूकडे वळते.

शेवटी सगळ्यात कठीण मुद्दा, मुलांचा. पोक्सो कायद्याच्या कलम १९नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धर्मगुरूला सूट नाही, आणि संस्काराबाहेर कळलेल्या गोष्टीसाठी ती असूही नये. तिथे मी एक तासही थांबणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९मध्ये कायदा करून निवेदनात कळलेल्या गोष्टीलाही हेच बंधन लावलं. आपल्याकडे केरळमध्ये धर्मगुरूंनी निवेदनाचाच गैरवापर करून एका स्त्रीचा छळ केल्याचे आरोप झाले, तेव्हा २०१८मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी निवेदनाची प्रथाच बंद करा अशी शिफारस केली. शिफारस मला पटली नाही. तिच्यामागचा संताप मला पूर्ण पटतो. चर्चने जगभर पुष्कळ ठिकाणी जे झाकलं ते निवेदनातलं नव्हतं, कार्यालयातल्या फायलींमधलं होतं. पण झाकणारे आमचेच होते, म्हणून आमच्या मौनावर आज कुणी विश्वास ठेवत नाही.

निवेदनात कुणी असं काही सांगितलं तर मी काय करू शकतो? थांबायचा निर्धार नसेल तर क्षमा नाकारू शकतो. पश्चात्ताप नाही तिथे क्षमा होत नाही. माझ्याकडची सगळी ताकद लावून त्याला सांगू शकतो की ऊठ, या खुर्चीवरून बाहेर चल, तिथे हेच मला पुन्हा सांग, मग मी तुझ्याबरोबर ठाण्यात येतो. पोलिसांत हजर हो, तरच क्षमा देतो, अशी अट मात्र घालू शकत नाही. रोमने २०१९मध्ये काढलेल्या टिपणात हे स्पष्ट केलं आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडायचं नाही, हे आपल्या राज्यघटनेच्या कलम २० मध्येही आहेच. आणि ते मूल आजही त्याच घरात असेल तर? हा प्रश्न घेऊन मी जगतो. माझं म्हणणं एवढंच की मौनाची खात्री नसती तर तो माणूस त्या स्टुलावर बसलाच नसता, आणि थांब, बाहेर चल, असं त्याला सांगणारं जगात कुणीच उरलं नसतं.

मला समन्स आलं तर काय करीन, असं सहकारी विचारतात. मी जाईन. शपथ घेईन. तुरुंगात कधी जातो, कुठे बसतो, परवानगी कुणाची, हे सगळं खरं सांगीन. निवेदनाचा प्रश्न आला की न्यायाधीशांना हात जोडून सांगीन, यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. फौजदारी प्रक्रियेत गुन्ह्याची खबर न देणाऱ्याला "वाजवी कारण" दाखवायची मुभा आहे, त्यावर माझे वकील काय बोलायचं ते बोलतील. ते कारण कोर्टाला वाजवी वाटलं नाही तर होणारी शिक्षा भोगीन. बिशपांना हे मी लेखी कळवून ठेवलं आहे. आणि माझ्या थोरल्या भावाशीही बोलून ठेवलं आहे. जामीनदार तो राहणार असल्याने जमिनीचे कागद आधीच काढून ठेवायला त्याला सांगितलं आहे.